आग्नेय कोपऱ्यातले रुपये

यंत्र पहिल्यांदा वाजलं ते आमच्या यांच्या गुडघ्यापाशी. खोक्यातून काढून, दांडा जोडून, बॅटऱ्या घालून मी ते नुकतंच चालू केलं होतं आणि हे खुर्चीत पाय पसरून पेपर वाचत बसले होते. दांड्याच्या टोकाची ताटलीएवढी चकती त्यांच्या पायाजवळून गेली मात्र, यंत्राने अशी किंकाळी फोडली की यांच्या हातातला पेपर खाली पडला. गेल्याच वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्यात धातूचा सांधा बसवलाय.

"सापडला खजिना," हे म्हणाले. "आता परत करता येईल ना? सात दिवसांत घेतात म्हणे."

"गुडघा की यंत्र?" मी विचारलं.

त्यांनी पेपर उचलला आणि तोंडासमोर धरला. आमच्याकडे वाद संपला की पेपर वर जातो.

हे मेटल डिटेक्टर नावाचं यंत्र मी माझ्या पेन्शनमधून मागवलं होतं. कोथरूडचं आमचं घर पडणार होतं. सासऱ्यांनी बांधलं तेव्हा आजूबाजूला ज्वारीची शेतं होती, आता चारी बाजूंनी इमारती. शेजारचे दोन प्लॉट आणि आमचा मिळून बिल्डर सात मजले उभे करणार, त्यातला एक फ्लॅट आम्हाला. आम्ही दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या जागेत सामान हलवलं होतं आणि सोमवारी जेसीबी येणार होता. त्या घराच्या जमिनीत माझ्या आईचे तीन चांदीचे रुपये पुरलेले होते. ते मला जेसीबीच्या आधी हवे होते. एवढंच.

"आमच्या आई-दादांनी वास्तूच्या पोटात घातलंय ते," हे म्हणायचे. "घातलेलं उकरायचं नसतं."

"जेसीबी काय, प्रदक्षिणा घालणार आहे?"

"आणि इतके जुने रुपये जमिनीत सापडले तर सरकारजमा होतात."

"सरकारला सांगा, माझ्या आईने दिलेत. मी विसरलेली नाहीये."

आई नारायण पेठेत दोन खोल्यांत राहून शिवणकाम करायची. वडील मी लहान असतानाच गेले. जे काही सोनं होतं ते त्यांच्या आजारपणात गेलं. उरले ते तीन राजाछाप रुपये, आईला तिच्या आईकडून मिळालेले. त्यातल्या एकाला वर बारीक कडी जोडलेली होती, कारण आजी तो गळ्यात घालायची. माझ्या वाढदिवसाला आणि पाडव्याला आई त्या रुपयांनी मला ओवाळायची. विधवेने ओवाळू नये म्हणणारे आमच्या चाळीत पुष्कळ होते. आई त्यांच्याशी भांडत बसली नाही. ती दाराला कडी लावायची आणि ओवाळायची. दारामागे, निरांजनाच्या उजेडात, माझ्या तोंडाभोवती फिरणारे ते रुपये मला आत्ताही डोळ्यांपुढे दिसतात. लग्नात तिने ते माझ्या शालूच्या पदराला गाठ मारून बांधून दिले. "अडीनडीला असू देत," म्हणाली.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत सासऱ्यांचं हे घर बांधून झालं आणि वास्तुशांत निघाली. दोनच खोल्या, पण केवढा थाट! पुढे मांडव, मागे आचारी, पुढच्या खोलीत होम, पूजेला सासूबाई आणि सासरे. वास्तुशांतीत घराच्या आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून वास्तुपुरुषाची छोटीशी प्रतिमा पुरतात. सोबत नवरत्नं, धान्य आणि जमेल तसं सोनं-चांदी. गुरुजी म्हणाले, चांदीचं काही असेल तर आणा. सासूबाईंनी भरल्या घरात माझ्याकडे बघितलं.

"सूनबाईच्या माहेरचे रुपये आहेत की! घरच्या लक्ष्मीच्या हातचं घालू. जा गं, आण."

बायका म्हणाल्या, वा! किती छान! काय बोलणार होते मी? नाही म्हणायची सवय मला पुढे लागली, पण त्या दिवशी माझं वय वीस होतं आणि अंगावर हळदीचा वासही अजून होता. मी आत गेले, ट्रंक उघडली, आणून दिले. लगेच मला मांडवात सरबत द्यायला पिटाळलं. खड्ड्यात काय काय घातलं ते मी पाहिलंसुद्धा नाही. सरबताचा ट्रे घेऊन घराला वळसा घालून मागे गेले तेव्हा आई दिसली. ती मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. विधवा बाई, पूजेच्या समोर कशी बसणार? पाठीवर सकाळचं ऊन, मान डावीकडे वळवलेली, आत कुठेतरी खाली बघत होती. मी ट्रे पुढे केला तर तिने नुसती मान हलवली.

आई निघाली तेव्हा मला रडू आवरेना. तिने माझा हात दाबला. "राहू दे गं. तुझ्याच घरात आहेत ना," म्हणाली.

त्यानंतर पाच-सहा वर्षांत आई गेली. तिचं शिलाईचं मशीन मामाकडे गेलं, भांडी अशीतशी वाटली गेली. तिचा धड एक फोटो माझ्याकडे नाही. मग सांगा, मी यंत्र मागवलं त्यात माझं काय चुकलं?

आमच्या तेव्हाच्या गुरुजींचा मुलगा आता गुरुजी आहे. त्यांना फोन केला.

"आग्नेय कोपरा," ते म्हणाले. "दुसरीकडे कुठे घालत नाहीत. पण काढताय कशाला?"

"मी नाही काढला तर जेसीबी काढेल. त्याला मंत्र येत नाहीत."

"बरं. मग क्षमा मागून काढा आणि प्रतिमा पाण्यात सोडा."

"नदीत?"

"नदीत पाणी असलं तर," गुरुजी म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळीच मी यंत्र घेऊन घरी गेले. दारं-खिडक्या भंगारवाला आधीच काढून घेऊन गेला होता. भिंतींना नुसती भोकं राहिली होती आणि वारा आरपार जात होता. साइटवरचा सुपरवायझर विदर्भातला, तोंडात सदा बडीशेप. मी दांडा फिरवायला लागले तसा तो मागेमागे यायला लागला.

"काय करून राह्यले काकू तुम्ही?"

"केर काढतेय," मी म्हटलं.

तो इतका मोठ्याने हसला की मला त्याचा राग आला नाही. मी खरं काय ते सांगितलं. त्याने दोन मजूर दिले. "सोमवारी मशीन येते काकू, तवरोक काय खणायचं ते खणून घ्या," म्हणाला.

घराचा आग्नेय कोपरा म्हणजे आमचं स्वयंपाकघर. ओट्याच्या खालची, सिलिंडरची जागा. मी यंत्र तिथे धरलं आणि ते जे केकाटायला लागलं ते थांबेचना. भिंतीशी धरा, वाजतंय. मधे धरा, वाजतंय. या यंत्राचं एक असतं, लोखंड असलं तर ते जाड आवाजात घुरघुरतं आणि चांदी-तांबं असलं तर बारीक, उंच आवाज काढतं. मला तर सगळाच कालवा ऐकू येत होता. म्हटलं, असेना, खणून तर बघू. मजुरांनी ओटा फोडला, फरशी उचकटली, गुडघाभर खणलं. निघालं काय? सळईचे तुकडे, बांधायच्या तारेची गुंतवळ, पाइपचा एक कोपर आणि एक चमचा. चमचा आमचाच होता. त्यावरून मी पूर्वी कामवाल्या बाईंवर संशय घेतला होता, पण तो विषय वेगळा.

दुपारी हे थर्मासमधून चहा घेऊन आले. खड्ड्याकडे बघितलं, माझ्या मातीने भरलेल्या हातांकडे बघितलं.

"झालं समाधान?"

मग माझं डोकं फिरलं. मजूर होते, सुपरवायझर होता, कुणाची पर्वा केली नाही.

"नाही झालं! तुमच्या आईने चार लोकांत माझ्या आईची शेवटची वस्तू मागून घेतली आणि तुम्ही तेव्हा आइसक्रीमचा बर्फ आणायला गेला होतात. तेव्हापासून बर्फच आणताय!"

"चाळीस वर्षं तेच," हे म्हणाले.

"हो, तेच. आणि सोमवारनंतरही तेच. फरक एवढाच की मग खणायला जागा नसेल."

त्यांनी थर्मास फुटक्या ओट्यावर ठेवला आणि निघून गेले. चहा मजुरांनी प्यायला.

रविवारी मजुरांना सुट्टी. मी तरी गेले. सुपरवायझर कुलूप उघडून फोनवर बोलत फाटकापाशी उभा राहिला. मी रंगाचा रिकामा डबा पालथा घातला आणि त्यावर बसले. पाठ मोडली होती. समोर कालचा खड्डा. म्हटलं, बाई, आता रडून काही निघणार नाही, आठव. नीट आठव. त्या दिवशी तू काय बघितलंस?

आईला बघितलं. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर, पाठीवर ऊन.

मी या खोलीत नजर फिरवली. मागचं दार? इथे मागचं दार कुठे होतं? इथलं दार बाजूला, बोळात उघडतं. पूर्वेला तर नुसती खिडकी होती. सकाळचं ऊन पाठीवर म्हणजे दार पूर्वेचं. पूर्वेचं दार...

मी ताडकन उठले. अगं, ही खोलीच तेव्हा नव्हती! मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा आम्ही घर पूर्वेला वाढवलं, खांब टाकून ही खोली काढली, आणि आग्नेयेला चूल हवी म्हणून स्वयंपाकघर जुन्या जागेतून इकडे आणलं. सळया त्या खांबांच्या. जुनं स्वयंपाकघर झालं मधली खोली आणि जुनं मागचं दार म्हणजे या दोन खोल्यांमधली ही मोकळी चौकट, जिच्यातून मी रोज पन्नास वेळा भांडी घेऊन जात होते. घर वाढलं आणि घराचा कोपरा घराच्या पोटात गेला. आम्ही सगळे त्याच्यावरून चालत होतो आणि विसरलो होतो. आई बसली होती तिथे आता चौकट होती, आणि मी काल दिवसभर तिच्या पाठीमागे अंगणात खणत होते.

मी त्या चौकटीत बसले. तशीच, आत तोंड करून. मान डावीकडे वळवली. मधल्या खोलीचा कोपरा.

तिथे सासूबाईंची खाट असायची.

शेवटची काही वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. मी म्हणायची, पुढच्या खोलीत हवा येते, तिकडे हलवू. त्या ऐकायच्या नाहीत. "मला इथंच बरं वाटतं." उजेड नाही, वारा नाही, आणि म्हणे बरं वाटतं. मी त्यांचं सगळं केलं, अगदी सगळं, पण त्या हट्टाने माझा जीव नको व्हायचा. राहा म्हणावं अंधारात, असं मनात म्हणत मी त्यांची चादर बदलत असे.

यंत्र त्या कोपऱ्यात नेलं. जुनी शहाबादी फरशी, खाली मुरूम, सळईचा पत्ता नाही. यंत्र गप्प. थोडं पुढे, गप्प. भिंतीपासून हातभर अंतरावर चकती आली आणि बारीक, उंच आवाज निघाला. मी मागे नेली, पुढे आणली. आडवी, उभी. पुन्हा तिथेच, तोच आवाज.

यांना फोन लावला. "अहो, वाजलं."

"गुडघा इथे माझ्याजवळ आहे," हे म्हणाले.

"अहो, खरंच वाजलं."

तेव्हा हे म्हणाले, "येतो. हात लावू नकोस एकटी. पाठ जाईल."

आले ते पायात जुन्या चपला घालून, म्हणजे काम करायच्या तयारीनेच. यांना खाली बसता येत नाही. त्यांनी उभ्याउभ्याच पहारीने फरशी उचकटली, मी बसून खुरप्याने मुरूम काढायला लागले. सुपरवायझर म्हणाला, मी खणतो ना काकू. मी म्हटलं, नको, तुम्ही नुसतं घमेलं ओता. त्या खड्ड्यात दुसऱ्या कुणाचा हात मला नको होता. कोपरभर खोल गेल्यावर खुरपं टणकन वाजलं.

तांब्याचा गडू, हिरवा पडलेला, तोंडापर्यंत मातीने गच्च. आम्ही दोघांनी हात जोडले. यांनी खरंच क्षमा मागितली, मोठ्याने, मराठीतच. गडू पेपरवर पालथा केला. छोटासा तांब्याचा वास्तुपुरुष निघाला, खड्यांचे चार-दोन कण, आणि काळे ठिक्कर पडलेले रुपये. मी माती पुसण्याआधीच एकावर अंगठा फिरवला. वरच्या बाजूला कडी लागली.

"आई," मी म्हटलं. एवढंच म्हणता आलं. मग मात्र मी त्या मातीत बसून मोठ्याने रडले. रडले तर रडले! माझी आई चाळीस वर्षांनी माझ्या हातात आली होती. सुपरवायझर घमेलं घेऊन हळूच बाहेर निघून गेला.

डोळे पुसून बघते तर रुपये चार.

मी बाकीचे पदराने पुसले. दोन आईचे, राजाछाप. चौथा वेगळाच होता. राणीछाप, चेहरा घासून पार गुळगुळीत झालेला, आणि कडेला एक खाच. मी तो यांच्यापुढे धरला. यांनी चष्मा कपाळावर सरकवला, रुपया डोळ्यांजवळ नेला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी घाबरले. म्हटलं, हे पडतात की काय.

"हा इथे कसा?" ते म्हणाले. "हा आईचा आहे. तिच्या माहेरचा. मला लहानपणी ताप आला की हा पाण्यात बुडवून माझ्या कपाळावर ठेवायची. ही खाच... मीच दगडावर घासली होती, मार खाल्ला होता त्यासाठी. नंतर किती वेळा विचारलं तिला, रुपया कुठाय. म्हणायची, असेल कुठंतरी."

मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगायचं तर आधी रागच आला. अहो सासूबाई, तुम्ही तुमचाही घातलात, तर मला सांगितलं का नाही? एका वाक्याने काय झिजलं असतं तुमचं? मला आयुष्यभर वाटत राहिलं की माझं घेतलं आणि स्वतःचं राखलं. त्या कोपऱ्यात खाट घालून वर्षानुवर्षं पडून राहिलात, मी चादर बदलत होते, तेव्हा तरी सांगायचं. आता मी विचारू कुणाला? तो राग पुरता गेला असं आजही मी म्हणणार नाही. पण तो पूर्वीसारखा उभा राहत नाही हेही खरं.

वास्तुपुरुष आम्ही त्याच संध्याकाळी मुळशीच्या वाटेवर, स्वच्छ पाणी बघून सोडला. गुरुजींना कळवलं. "नव्या फ्लॅटची वास्तुशांत करालच," ते म्हणाले. "चांदीचं काहीतरी काढून ठेवा."

"सातव्या मजल्यावर पुरणार कुठे? खालच्यांच्या पंख्यात?" मी म्हटलं. "आणि चांदीचं आता आमच्याकडून काही मिळणार नाही गुरुजी, अगदी आत्ताच सांगून ठेवते."

सोमवारी जेसीबी आला. आम्ही फाटकासमोर रस्त्यावर उभे राहिलो. आधी नवीन खोली गेली, तिला वेळ लागला, खांब होते. जुनं घर मात्र दोन-तीन धक्क्यांत बसलं. माझ्या पदराच्या टोकाला गाठ होती, तिच्यात तीन रुपये. तुझ्याच घरात आहेत, असं आई म्हणाली होती. घर तर आता नव्हतं. मी गाठ मुठीत घट्ट धरून ठेवली होती आणि मनात तिला म्हणत होते, चल आई, आता माझ्याबरोबरच राहा.

घरी आल्यावर हे कॉटवर आडवे झाले. मी हातपाय धुऊन आले तर डोळे मिटून पडलेले आणि कपाळावर तो गुळगुळीत रुपया, ओला.

"ताप आलाय का?" मी हात लावायला गेले.

"नाही," म्हणाले. "असू दे तरी."

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. मग डोळे न उघडताच ते म्हणाले, "तुझे मागायला नको होते तिने. चार लोकांत तर नकोच होते."

इतक्या वर्षांत त्या घरातल्या कुणी मला असं म्हटलं नव्हतं. मला वाटत होतं, मला रुपये हवे होते. रुपये हवेच होते, पण हेही हवं होतं, आणि ते कुठल्या यंत्राने वाजणार नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "नको होते."

रुपया त्यांच्या कपाळावरून जरा घसरला होता. मी तो बोटाने नीट मधोमध सरकवला आणि चहा टाकायला उठले.